ओल्या गिलाव्यावरची रेघ

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, आणि माझ्या स्वतःच्या घराच्या गच्चीचा उतार मी पाणी जाण्याच्या पाइपाकडे न देता जिन्याच्या दाराकडे दिला.

हे एकदा लिहून टाकलं की बरं वाटतं. इतके दिवस मी ते नाना तऱ्हांनी टाळत आलो. पाहुण्यांना सांगितलं, पाया थोडा खचला असावा. ऑफिसात सांगितलं, कंत्राटदारानं फसवलं. सासऱ्यांना तर हल्लीचं सिमेंटच पूर्वीसारखं राहिलं नाही असं सांगून त्यांची मानही डोलवून घेतली. बायकोला मात्र काही सांगावं लागलं नाही. ती तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती आणि पाणी वरून खाली येत होतं.

माझं गाव माणदेशातलं. आमच्याकडे गच्ची असते ती कुरडया वाळवायला आणि उन्हाळ्यात झोपायला. तिच्यावरून पाणी वाहून जाऊ शकतं, ही गोष्ट मी पुस्तकात वाचली आणि परीक्षेत लिहून तिचे पूर्ण मार्क मिळवले. पदवीच्या शेवटच्या वर्षी कॉलेजात एक कंपनी आली. तिनं आम्हा सिव्हिलच्या पोरांना इंग्रजीतून चार कोडी घातली आणि उचलून हिंजवडीत संगणकापुढे बसवलं. तेव्हापासून दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. पदवी नसती तर ही नोकरी मिळाली नसती, आणि नोकरीत त्या पदवीतलं एक अक्षर आजवर लागलेलं नाही. पगार मात्र दर महिन्याला न चुकता त्या पदवीचाच येतो.

त्याच पगारातून मुळशी धरणाच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, जमिनीचा एक तुकडा घेतला आणि घर काढलं. तेव्हा माझ्या अंगात झोपलेला इंजिनिअर जागा झाला. तिथल्याच वाडीतला एक म्हातारा मिस्त्री मजुरीवर ठरवला आणि देखरेख स्वतःकडे ठेवली. देखरेख म्हणजे शनिवार-रविवारी डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून खुर्चीत बसणं.

मिस्त्रीच्या हाताखाली ज्या बिगारी बायका होत्या, त्यांतल्या एका ताईंची ही गोष्ट. बिगारी म्हणजे माल कालवायचा, विटा वाहायच्या, घमेली उचलून मिस्त्रीच्या हाताशी द्यायची. मिस्त्रीची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, बिगारीच्या जवळपास दुप्पट असते. आमच्या भागात मिस्त्री पुरुष आणि बिगारी बाई, असं कुणी नेमून दिलेलं नाही. फक्त बाईच्या हातात थापी कुणी देत नाही, एवढंच.

गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायचा दिवस होता. पाणी कुठून कुठे जाणार ते आधी ठरवायचं, तिथल्या उंचीच्या खुणा करायच्या आणि मग माल टाकायचा. मी माझ्या नव्या मोबाइलमध्ये लेव्हल दाखवणारं एक अॅप घेतलं होतं. लांब लाकडी पाट्यावर मोबाइल ठेवायचा, आकडा बघायचा, ‘उचला थोडं, बास’ म्हणायचं. शंभरात एक उतार. मला परीक्षेची आठवण येऊन भरून आलं होतं.

ताई घमेलं घेऊन वर आल्या आणि थांबल्या.

“सायेब, पानी दाराकडं यील.”

मी मान वर न करता म्हणालो, “मावशी, मोबाइलवर लेव्हल बघितलीय मी.”

“मावशी कुनाला म्हनता? लई तर दोन वर्सांनी मोठी आसंन मी तुमच्याहून.”

“बरं, ताई. हे अॅप आहे, ताई. हे चुकत नाही.”

ताईंनी घमेलं खाली ठेवलं, पाट्यावरचा मोबाइल उचलून उलटा केला आणि मागच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला.

“ह्याच्या पाठीला आवाळू हाय की. ह्यो सरळ बसंल कसा?”

मी मोठ्यानं हसलो. मी हसलो म्हणून मिस्त्री हसला. हजेरी देणारा हसला की हसावं लागतं. ताई हसल्या नाहीत. खालून पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आल्या, तिची दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरली की पाणी खरी उंची दाखवतं. “ही लावून बगा एकडाव,” म्हणाल्या.

“ताई, नळीचा जमाना गेला,” मी म्हणालो.

हे वाक्य मला शब्दशः लक्षात आहे, कारण घरात कुठलाही नळ गळायला लागला की बायको ते म्हणून दाखवते.

ताईंनी पुढे वाद घातला नाही. जिन्याच्या दाराशेजारच्या भिंतीला त्याच दिवशी गिलावा झाला होता, अजून ओला होता. जाता जाता त्यांनी खाली पडलेला एक खिळा उचलला आणि उंबऱ्याच्या वर दोन बोटांवर एक आडवी रेघ ओढली. “हितवर यील पानी,” एवढं बोलून त्या रिकामं घमेलं घेऊन खाली गेल्या. सुबक गिलावा खराब केला म्हणून मी मिस्त्रीला बोललो, तेही सांगून टाकतो.

पुढच्या जुलैत तीन दिवस पाऊस थांबला नाही. ताम्हिणीचा घाट इथून लांब नाही. तिथून निघालेला ढग कुठे थांबायचं हे विसरतो आणि आमच्यावर येऊन बसतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो, तेव्हा जिन्यातून आवाज यायला लागला. पाणी एकेक पायरी उतरत होतं, अगदी शिस्तीत, पाहुण्यासारखं.

“अहो,” बायको खालून म्हणाली, “लोक धबधबा बघायला घाटात जातात. आपण तिकीट लावू या का?”

मिस्त्रीला फोन केला, तो दुसऱ्या साइटवर होता. मग मी ताईंना शोधायला वाडीत गेलो. त्या भात लावणीत, गुडघाभर चिखलात होत्या. मला लांबून बघितलं, कंबर सरळ केली, आणि काहीही न विचारता म्हणाल्या, “घराकडं चला, थापी घ्येऊ द्या.”

त्यांच्या गोठ्याच्या मागच्या खुंटीला ती थापी होती. कुणा मिस्त्रीनं मूठ तुटली म्हणून फेकून दिलेली. ताईंनी तिला ऐनाच्या लाकडाची नवी मूठ बसवली होती. ती बघताना माझं लक्ष गोठ्याच्या भिंतीकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

भिंत लांबलचक होती आणि डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत तिला गिलावा केलेला होता. डावीकडे तो असा होता की म्हशीनं शेपटीनं केला असावा. चार हात पुढे गेलं की फुगवटे कमी व्हायचे. मधे एक तडा होता, आणि तड्यानंतर त्या तड्याचं कारण कळल्याचं कामातच दिसत होतं. शेवटचा उजवा भाग इतका सपाट होता की त्यावर हात फिरवल्याशिवाय मला राहवलं नाही.

“हे कुणी केलं?”

“मीच की. साइटीवर पोत्यात उरल्यालं शिमिट मिस्त्री टाकून द्यायचा, त्ये मागून आनायची. दुपारच्याला मिस्त्री निजला की त्याचं काम जवळून बगायचं, न सांजच्याला हितं करून बगायचं. बारा वर्सं चाललंय.”

“मग तुम्ही मिस्त्री का नाही झालात?”

ताई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसा मी माझ्या कंपनीत नवीन आलेल्या पोराकडे बघतो.

“मला कोन करनार मिस्त्री?”

मी चार वर्षं कॉलेजात होतो, माझ्याकडे आठ गुणपत्रिका आहेत, त्या प्लास्टिकच्या फाइलीत आहेत. त्यांतली एकही मी कधी हात फिरवून बघितलेली नाही.

त्या दिवशी ताईंनी भर पावसात माझ्या दारासमोर सिमेंटचा एक बांध घातला, कठड्याला भोक पाडून तात्पुरता पाइप टाकला, आणि तासाभरात धबधबा बंद केला. ‘म्या सांगितलं हुतं’ हे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. रेघेकडे मी बघितलं. मातकट पाण्याचा डाग बरोबर त्या रेघेपर्यंत आला होता. वर नाही, खाली नाही.

चहा घेताना त्यांनी सांगितलं की बॅकवॉटरच्या काठच्या एका रिसॉर्टमध्ये त्या पाऊस सुरू झाल्यापासून अधूनमधून कामाला जात होत्या. तिथल्या कॉटेजेस गळतात. “पुण्यास्नं मिस्त्री येतोय. पानी कुटनं मुरतंय त्ये त्याला गावत न्हाई, मी दावते. मंग त्यो बुजिवतोय. हजरी त्याला मिस्त्रीची न मला बिगारीची.” आता रिसॉर्टला कायमचा माणूस हवा होता, महिन्याच्या पगारावर, मिस्त्रीच्या दरानं. ताईंनी स्वतःचं नाव सुचवलं. मॅनेजर भला होता. तो म्हणाला, काम मी बघितलंय, पण वरती दाखवायला कागद लागतो. कागद नसेल तर हेल्पर म्हणूनच घेता येईल. दिवाळीपर्यंत थांबतो.

आणि असा कागद मिळत होता. शाळा न शिकता काम शिकलेल्यांची परीक्षा घेऊन दाखला देण्याची एक योजना होती. परीक्षक प्रत्यक्ष साइटवर येणार, गळती शोधायला लावणार, दुरुस्त करायला लावणार. फक्त फॉर्म भरायचा आणि एक गळकी गच्ची दाखवायची.

“गळकी गच्ची कुठून आणायची?” मी म्हणालो.

“आता बगा!” ताई म्हणाल्या. “आख्ख्या वाडीत तुमचीच तर हाय.”

फॉर्म मी भरून देतो म्हणालो. खरं तर ताई सातवी शिकलेल्या, त्यांनीही भरला असता. पण उपकार करायची माझी हौस दांडगी. ‘यापूर्वी केलेले काम’ असा एक रकाना होता. तिथे ‘बिगारी’ लिहायला माझं मन होईना. मी लिहिलं : ‘सदर उमेदवाराने प्रस्तुत बंगल्याच्या संपूर्ण गच्चीचे जलरोधक काम स्वतः केले आहे.’

“ह्ये एवढं काय लिवलंय?” ताईंनी विचारलं.

“तुमचं कौतुक.”

“मंग आसू द्या,” म्हणत त्यांनी सही केली.

चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नाही की त्या वाक्यानं ती उलटी गच्ची मी ताईंच्या नावावर केली होती.

परीक्षक दिवाळीच्या आधी एका सकाळी आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. गच्चीवर आल्याआल्या त्यांनी एक बादली पाणी मागितलं आणि मधोमध ओतलं. पाणी क्षणभर थबकलं, पाइपाकडे पाठ फिरवली आणि जिन्याच्या दाराकडे निघालं. त्याला घरचा रस्ता पाठ होता.

परीक्षकांनी फॉर्म बघितला. “बाई, ही गच्ची तुम्ही केलीत?”

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा फॉर्मकडे बघितलं, एकदा खाली. “हितं कामाला हुते मी.”

“इथं लिहिलंय, संपूर्ण काम स्वतः केलं. मग उतार असा कसा?”

मला वाटलं, आता सांगतील. एका वाक्याचं काम होतं. पण त्या कोपऱ्यातल्या आपल्या नळीकडे बघत राहिल्या. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

“सर,” मी म्हणालो, “त्यात थोडी मोबाइलची चूक आहे.”

“कुणाच्या मोबाइलची?”

“माझ्या.”

“मोबाइलनं उतार दिला?”

“मोबाइलनं सांगितला, मी दिला. म्हणजे... मीच. ताई नको म्हणत होत्या.”

“तुम्ही काय करता?”

“सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधतो.”

“आणि शिक्षण?”

एवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली. ट्रे पडला तर बरं होईल असं मला वाटलं. तो पडला नाही. ती माझ्या उत्तराची वाट बघत छान उभी राहिली.

“बी. ई. सिव्हिल.”

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि उताराकडे बघितलं. “फॉर्म कुणी भरला?”

“मीच.”

“म्हणजे इथलं सगळंच तुम्ही केलंय.”

मग मी त्यांना दाराशी नेऊन रेघ दाखवली. ओल्या गिलाव्यात ओढलेली, आता दगडासारखी घट्ट झालेली. तिच्यापर्यंत आलेला डागही दाखवला. ताईंनी ती कधी ओढली, का ओढली, मी कसा हसलो, मिस्त्री कसा हसला, मोबाइलच्या पाठीचं आवाळू, सगळं सांगितलं. एकदा सुरुवात केल्यावर मला थांबता येईना. परीक्षक खाली बसले आणि त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. फॉर्मवरचं माझं सुंदर वाक्य त्यांनी आडवी रेघ मारून खोडलं आणि शेजारी काहीतरी लहान अक्षरात लिहिलं.

“जलरोधक लेपनापूर्वी पृष्ठभागाची पूर्वतयारी कशी कराल?” त्यांनी छापील कागदावरून विचारलं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं. परीक्षकांनी कागद खाली ठेवला. “माल टाकायच्या आधी स्लॅबला काय करता?”

“आसं इचारा की!” ताई म्हणाल्या, आणि सुटल्या. आधी झाडू, मग तारेचा ब्रश, भेगा कुठल्या खऱ्या आणि कुठल्या वरवरच्या, पाणी किती मारायचं, सिमेंटचं पातळ पाणी कधी ओतायचं, आणि कठडा नि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात मालाची गोलाई का करायची. “पानी काटकोनात बसतंय. गोल केलं की त्याला बसाय जागा ऱ्हात न्हाई, मंग जातंय निघून.” काटकोनाबद्दल मी दोन पेपर दिले होते. पाण्याच्या बाजूनं त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी नळी लावली. एक टोक माझ्या हातात दिलं, “हलू नगा,” म्हणाल्या. खुणा केल्या, कोपऱ्यातला चार फूट कोबा फोडून काढला, नवा माल टाकला. ऐनाच्या मुठीची थापी गोलाईवरून फिरत गेली तेव्हा त्यांचं मनगट तेवढं हलत होतं, खांदा नाही. परीक्षक तोवर काही लिहीत नव्हते. नुसते बघत होते. मला वाटतं, आपल्याला जमत नाही ते दुसऱ्याला इतक्या सहज जमताना बघणं, यासारखं सुख नाही, फक्त त्याआधी आपल्याला जमत नाही हे कबूल करायला लागतं.

जाताना मी परीक्षकांना विचारलं, घरमालक म्हणून माझ्या सहीची जरूर आहे का.

“सही नको,” ते म्हणाले. “तुमची गच्ची पुरेशी आहे.”

ते गेल्यावर मी ताईंना विचारलं, गप्प का राहिलात?

“परक्याम्होरं तुमची चूक काडली आस्ती तर उद्या हितं कोन मला कामाला बोलावनार? कागुद न्हाई त्याला लोकांच्या मर्जीवर ऱ्हावं लागतंय, सायेब. तुमचं काय, तुमी चुकलासा तरी पगार हाय.”

दाखला दिवाळीच्या आदल्या दिवशी आला. ताईंनी तो मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि त्याच महिन्यापासून त्या रिसॉर्टच्या मिस्त्री झाल्या, मिस्त्रीच्या पगारावर. आता पुण्याहून कुणी येत नाही. मध्यंतरी तिकडे गेलो होतो, तर एका कॉटेजच्या छपरावर ताई आणि खाली एक तरणाताठा पुरुष बिगारी घमेलं घेऊन उभा. “वर दी,” ताई म्हणाल्या, आणि त्यानं दिलं. त्याला त्यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. मलाच वाटलं, म्हणून मी उगाच तिथे थोडा वेळ रेंगाळलो.

यंदा मार्चमध्ये, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, ताई माझी सगळी गच्ची नव्यानं करायला आल्या. बरोबर त्यांची जाऊ, बिगारी म्हणून. दुसरी बाई आजारी पडली होती. मी म्हणालो, एक माणूस कमी आहे तर मी येतो हाताखाली. हेल्मेटही शोधून आणलं.

“टोपी काडा, घाम यील,” ताई म्हणाल्या. “थापीला हात लावू नगा. घमेली आना.”

दाराशेजारची रेघ बुजवू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. मग दिवसभर मी घमेली वाहिली. पहिलं जिन्यात सांडलं. दुसरं अर्धं भरून आणलं, कारण पूर्ण उचललं जाईना. तिसऱ्याच्या वेळी ताईंच्या जावेनं ते मधल्या पायरीवरच माझ्या हातातून काढून घेतलं. दुपारपासून माझ्याकडे फक्त चहाचं खातं राहिलं. संध्याकाळी ताईंनी गच्चीभर नळी फिरवून बघितली, मधोमध बादली ओतली, आणि पाणी एकदाचं पाइपाकडे गेलं. मी पायऱ्यांवर पाठ धरून बसलो होतो. माझी हजेरी किती, मी गमतीनं विचारलं.

ताईंनी थापी धुतली, पदराला पुसली आणि माझ्याकडे नीट बघून हिशोब केला.

“अर्दी,” त्या म्हणाल्या. “ती बी चा बरा करता म्हनून.”